सहीच्या वरची जागा

रिसोड नाक्यावर दुर्गाबाईनं मला मेथीची जुडी दिली नाही, ही गोष्ट तशी लहानच. जुडी माझ्या हातात आलेली होती, पिशवीचं तोंड मी उघडून धरलं होतं, आणि तिनं ती सावकाश, रागावल्यासारखं काही न दाखवता, माझ्या हातातून काढून घेतली आणि परत टोपलीत ठेवली. वर पाणी शिंपडलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "गुरुजी, तुमची सही लय सुंदर हाय. मी ओयखली." शेजारची कांदेवाली बाई हसली, तिला वाटलं, गुरुजींचं कौतुक चाललंय. कोणती सही, असं मी विचारलं तेव्हा उत्तर मला माहीत होतं, तरी विचारलं. "संघदीपच्या कागदावरची," ती म्हणाली. "त्याच्या निकालाच्या पुस्तकावर राह्यची, तीच. मले वाचता येत नाई, पण ते खालची रेघ अन् दोन ठिपके मी कुठंबी ओयखीन. हापिसात बोलावलं होतं मले. बाईनं वाचून दाखवलं, का पोरगा दारू पेऊन पोलवर चढला, कोनाले न इचारता चढला. अन् खाली तुमी." मी काहीतरी म्हणालो. बहुतेक "असं कसं" असं म्हणालो असेन, कारण असं कसं हे शब्द माझ्या तोंडात कायम तयार असतात. ती म्हणाली, "मले बी सही मांगत होते. मी नाई केली. संघदीपनं सांगून ठेवलं होतं, आई, वाचल्याबिगर करू नको. भरपाईच्या पैशाचं सोडा गुरुजी. पोरगा पेत नव्हता." एक गिऱ्हाईक आलं आणि ती भाव सांगायला लागली. मी पिशवीचं तोंड तसंच उघडं धरून थोडा वेळ उभा होतो, मग ती घडी करून खिशात घातली.

घरी विजयमालानं विचारलं, मेथी कुठाय. मी म्हटलं, नव्हती. "मार्गशीर्षात नाक्यावर मेथी नाई म्हणता?" ती म्हणाली आणि माझ्या तोंडाकडे पाहिलं. बायकोला चाळीस वर्षांत नवऱ्याचं तोंड वाचता येतं, पण काय लिहिलंय ते विचारायचं की नाही हे ती ठरवते. तिनं विचारलं नाही. मी खोलीत जाऊन बसलो. निवृत्त होऊन वाशिमला प्लॉटवर घर बांधल्यापासून मी सगळ्यांना सांगत असतो की आता निवांत आहे, काही कटकट नाही. पंखा फिरत होता. मी उठून तो बंद केला. डिसेंबरात पंखा बंद करणं यात विशेष काही नाही, पण मी एप्रिल-मेमध्येही बंद करतो, आणि विजयमाला त्यावर तीन वर्षं चिडते. डोक्यावर पंखा फिरत असला की मला त्याच्याखाली बसवत नाही. का, ते मी तिला सांगितलेलं नाही. डॉक्टरांनी सर्दीचं सांगितलंय असं सांगतो.

माझ्या सहीविषयी थोडं सांगायला पाहिजे. 'रा'चा काना खाली ओढायचा, त्यातूनच 'म' उचलायचा, आणि शेवटच्या 'न'ची रेघ उलटी वळवून सगळ्या नावाखालून नेऊन पुढे दोन ठिपके द्यायचे. डी.एड.ला असताना एक अख्खी वही भरून ही सही मी बसवली. पुढं केनवड-रिठदच्या पट्ट्यात बत्तीस वर्षं मास्तरकी केली, शेवटची नऊ वर्षं मुख्याध्यापक म्हणून, आणि या काळात ती इतक्या कागदांवर पडली की हाताला डोक्याची गरज उरली नाही. दाखले, बोनाफाईड, हजेरीपट, निकाल. कोणाचा रहिवासाचा कागद, कोणाचा हयातीचा. गावात काही झालं की पंच म्हणून मला बोलवायचे. शेताचा बांध, चोरी, जळालेली गंजी. दोन शब्द शिकलेला, कोणाच्या अध्यात-मध्यात नसलेला माणूस. मला ते आवडायचं. पंच म्हणून बोलावलं की मी टोपी बदलून जायचो.

आमच्याकडे सही आधी होते आणि मजकूर मागून येतो. मी तक्रार म्हणून सांगत नाही, तसं चालतं. शाळा व्यवस्थापन समितीची सभा असली की सभासदांना शेतावर जायची घाई. मग मी रजिस्टर घेऊन फाटकाशीच उभा राहायचो, वरचं पान मोकळं सोडून खालच्या ओळीवर एकेकाची सही घ्यायचो, आणि सभा दुपारी एकटाच लिहायचो. 'सर्वानुमते ठरले.' कोणी कधी विचारलं नाही काय ठरलं. दुर्गाबाई समितीवर होती. तिला सहीला वेळ लागायचा. रजिस्टर मांडीवर घेऊन, खाली बसून, एकेक अक्षर ती भाकरी थापल्यासारखं चारी बाजूंनी नीट करायची. संघदीपनंच तिला ती शिकवली होती, तो चौथीत असताना. एका वर्षी पोषण आहाराची खिचडी शिजवायला बाई नेमायची होती. तिनं मला सांगून ठेवलं होतं, गुरुजी, मले पाह्यजे. मग दोन-तीन पालक येऊन गेले. त्यांनी काही स्पष्ट म्हटलं नाही. आमच्याकडे असलं कोणी स्पष्ट म्हणत नाही. एवढंच म्हणाले की पोरं घरून डबा आणतील मग. मी दुपारी रजिस्टर उघडलं आणि लिहिलं की श्रीमती दुर्गाबाई यांनी वैयक्तिक कारणास्तव नकार दिला. तिची सही त्या पानावर सकाळीच झालेली होती. तिनं नंतर काही विचारलं नाही. खिचडी दुसऱ्या बाईनं शिजवली, आणि दुर्गाबाई पुढच्या सभेलाही आली, खाली बसली, रजिस्टर मांडीवर घेतलं. हे मी इतकी वर्षं विसरलो होतो असं म्हणणं खोटं होईल. मी ते आठवत नव्हतो, इतकंच.

नाक्यावरच्या त्या दिवसानंतर मी माहितीच्या अधिकाराचा अर्ज केला. केनवडच्या अलीकडे फाटा फुटतो तिथून आत आमचं गाव, त्या गावच्या विजेच्या डीपीवर तीन वर्षांपूर्वी मयत झालेला कंत्राटी कामगार संघदीप याच्या चौकशीची कागदपत्रं, विशेषतः स्थळ पंचनामा, त्याची प्रत मिळावी. कार्यालयाचं नाव मी सांगत नाही. कार्यालयाला चेहरा नसतोच. अर्ज लिहिताना मला बरं वाटत होतं. काहीतरी करतोय असं वाटत होतं. संध्याकाळी फिरायला जाताना मी मनातल्या मनात दुर्गाबाईशी बोलायचो: बाई, मी कागद मागवलाय, आला की बघू, त्यात काय लिहिलंय ते आधी कळलं पाहिजे ना. महिन्यानं उत्तर आलं. 'आपण मागणी केलेली माहिती चौकशीच्या प्रक्रियेस अडथळा ठरणारी असल्याने कलम ८ (१) (ज) नुसार पुरविता येत नाही. तसेच आपण सदर प्रकरणी त्रयस्थ आहात.' पत्र वाचून मी संतापलो. विजयमालाला मोठ्यानं वाचून दाखवलं. तीन वर्षं चौकशी चालूच आहे म्हणे, आणि त्या बाईला बोलावून सही मागतात. पण जेवायला बसल्यावर माझ्या लक्षात आलं की संतापाच्या खाली मला थोडं हायसं वाटतंय. दार लावलेलं होतं, मी ठोठावलं होतं, माझ्याकडून झालं होतं. मला माझीच किळस आली आणि मी भाजी परत वाढून घेतली.

अपील मी केलं ते विजयमालामुळे. ती भांडी घासता घासता म्हणाली, "त्रयस्थ म्हंजे कोन?" मी म्हटलं, ज्याचा काही संबंध नाही तो. "मंग तुमचा संबंध काय?" मी म्हटलं, मी पंच होतो. "ते नाई विचारून राह्यली. तुमाले झोप कायले येत नाई, ते विचारून राह्यली." मी टेबलाशी बसून अपिलाचा नमुना भरायला घेतला. 'अपिलाची कारणे' या रकान्यापाशी पेन थांबलं. मग लिहिलं, माहिती नाकारणे कायद्यास धरून नाही. सोपं असतं असं लिहिणं.

त्या दिवशी सकाळी दहाच्या सुमाराला संघदीप शाळेत आला होता. हरभऱ्याचं पाणी चाललं होतं, गावात चार दिवस लाईनची बोंब होती, फ्यूज उडत होते. सत्तावीस वर्षांचा झाला होता, तरी शाळेच्या व्हरांड्यात पाय ठेवताना चपला बाहेर काढायचा. नळावर पाणी प्याला आणि म्हणाला, "गुरुजी, फोन द्या जरा. माह्या फोनची बॅटरी गेली. लाईन बंद घ्या लागते." त्याच्या हाताला ग्रीस होतं, म्हणून फोन मी धरला, सबस्टेशनचा नंबर त्यानं सांगितला, मी लावला आणि स्पीकर सुरू केला. पलीकडून आवाज आला. संघदीप म्हणाला, डीपीवर चढून राह्यलो, बंद करा. थोडा वेळ गेला. माझ्या डोक्यावरचा पंखा मंद होत होत थांबला, आणि गावातली पिठाची चक्की घरघरत बंद पडली. पलीकडचा माणूस म्हणाला, "घेतली बंद. चढ." संघदीप मला म्हणाला, "अर्ध्या तासात देतो लाईन, गुरुजी. तवर पोरायले पाढे म्हनायले सांगा." आणि चपला घालून गेला. त्याच्या तोंडाला चहाचा वास होता. चहाचा. हे मी तीन वर्षं स्वतःला सांगतोय, दुसऱ्या कोणालाही सांगितलेलं नाही.

मी वर्गात होतो. पोरं सतराचा पाढा म्हणत होती. उकडत होतं, पावसाळा संपून महिना झाला होता, पण पत्र्याच्या खाली उकडतंच. आणि पंधरा-वीस मिनिटांत चक्की सुरू झाली. आधी चक्कीचा आवाज आला, मग माझ्या डोक्यावर पंखा फिरायला लागला, आणि मला बरं वाटलं. घामावर वारा लागला, मी मान वर केली, डोळे मिटले, आणि मनात म्हटलं, वा, लवकर दिली पोरानं. मग डीपीकडून ओरडण्याचा आवाज आला. तेवढ्या मधल्या वेळात, अर्धं मिनिट असेल, कदाचित त्याहूनही कमी, मला जे बरं वाटलं होतं, त्याचं काय करायचं ते मला अजून समजलेलं नाही.

तिसऱ्या दिवशी वीज खात्याचे लोक पंचनाम्याला आले. मला बोलावलं. मी टोपी बदलून गेलो. पोलखाली काही नव्हतं, गवत तेवढं काळं झालेलं. त्यांच्यातला एक जण फार अदबीनं म्हणाला, "गुरुजी, तुमची सही असली का कागदाले वजन येते." खुर्ची दिली, चहा दिला. "उन्हात कायले बसता, खाली सही करून ठेवा, वरतं आमी लिहून घेतो." दोन कोरे कागद होते. मी दोन्हींवर सही केली. रेघ, दोन ठिपके. कोणी मला काही विचारलं नाही. विचारलं असतं तर मी सांगितलं असतं, असं मी तेव्हा म्हणत होतो. निवृत्तीला आठ महिने उरले होते. पेन्शनचे कागद पुढं सरकत होते. फोन कोणाच्या नावावर, कोणाला केला, किती वाजता, या चौकश्यांत सापडलेल्या माणसाचं काय होतं ते मी पाहिलेलं होतं. मी भ्यालो. एवढा साधा शब्द आहे, आणि तो मी अर्जात, अपिलात, बायकोसमोर कुठंच लिहिला नाही. तो जुना फोन माझ्या कपाटात आहे, त्याची बॅटरी फुगून पाठीमागचं झाकण वर आलंय. फेकवत नाही.

सुनावणीची तारीख आली तेव्हा मी इस्त्रीचा शर्ट घातला. कार्यालय दुसऱ्या मजल्यावर. बाकावर दीड तास बसलो. आत बोलावलं तेव्हा माझ्यासाठी ठेवलेली खुर्ची पंख्याच्या बरोबर खाली होती. मी ती थोडी सरकवली. साहेबांनी पाहिलं. माणूस तसा सज्जन दिसत होता, माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान. त्यांच्या समोर फाईल होती. फितीनं बांधलेली, जाडजूड नाही, साधारण एका वर्गाच्या हजेरीपटाएवढी. तिच्यात कुठंतरी तो कागद होता आणि त्यावर मी होतो. माझी नजर त्या फितीवरून हलत नव्हती. साहेब म्हणाले, "गुरुजी, तुमचं अपील वाचलं. तुम्ही मयताचे नातेवाईक?" मी म्हटलं, नाही, शिक्षक. पंचही होतो. त्यांनी फीत सोडली, काही पानं उलटली, एका पानावर बोट ठेवून थांबले. "पंच क्रमांक एक. बरोबर. सही सुंदर आहे तुमची." मग त्यांनी चष्मा काढला. "मग मला एक सांगा. पंचनाम्याच्या शेवटी काय लिहिलेलं असतं? पंचनामा वाचून दाखविला, बरोबर आहे. त्याखाली तुमची सही. म्हणजे मजकूर तुम्हाला माहीत आहे. जे माहीत आहे तेच तुम्ही मागताय."

पंख्याच्या एका पात्याला काहीतरी लागत होतं, दर फेरीला टक. आता सांगायचं होतं. एकच वाक्य होतं, तेही लहान. मी तोंड उघडलं आणि माझ्याच कानांनी ऐकलं, "तीन वर्षं झाली, साहेब. नीट आठवत नाही." साहेब हसले; कुत्सित नाही, वडीलधाऱ्या माणसाचं विसरणं समजून घेतल्यासारखं. "वय झालं की होतं असं. पण आठवत नाही म्हणून माहिती देता येत नाही ना. चौकशी चालू आहे, कागद बाहेर गेला की अडचण होते. ठीक आहे, आदेश पोस्टानं येईल." त्यांनी फाईल मिटली. मी नमस्कार केला. मला रडू येत होतं आणि त्याच वेळी डोक्यात पाढे चालले होते: पाऊणची एसटी केनवडकडून येते, दुर्गाबाई त्या गाडीला नाक्यावर उतरते, म्हणजे त्याच्या आत नाक्यावरून निघून जायचं.

बाहेरच्या टेबलावर वैभवी नावाची क्लार्क होती. गळ्यातल्या ओळखपत्रावर नाव होतं. पोरगी चांगली होती. तिनं एक कागद माझ्यापुढं सरकवला. "काका, इथं खाली सही करून द्या. तुमी हजर होता, तुमचं म्हननं ऐकून घेतलं, असा रोजनामा राह्यते." मी खिशातलं पेन काढलं. काना ओढला, 'म' उचलला, शेवटची रेघ उलटी वळवून नावाखालून नेली, एक ठिपका दिला, आणि दुसरा ठिपका देताना माझ्या लक्षात आलं की कागद कोरा आहे. वरचं सगळं पान पांढरं होतं. माझी सही खाली ऐसपैस पसरलेली, शाई अजून ओली. "वरतं काय लिहिणार?" मी विचारलं. "ते साहेब सांगतात ना काका, मी दुपारून टाइप करते. तुमी कायले थांबता, ऊन व्हते." ती कागद ओढायला लागली. मी सोडला नाही. एक टोक तिच्या हातात, एक माझ्या. दोघंही ओढत नव्हतो. तिला वाटलं असेल, म्हाताऱ्याचा हात अडकला. मला दुर्गाबाई दिसत होती, फाटकाशी खाली बसलेली, मांडीवर रजिस्टर. आणि दुसरी दुर्गाबाईही दिसत होती, याच मजल्यावर, बहुतेक याच टेबलापुढे उभी, जिनं सही केली नाही. "सोडा ना काका," वैभवी म्हणाली. मी म्हटलं, "बेटा, तू सोड."

मी बाकावर बसलो, कागद मांडीवर घेतला. मला भीती वाटत होती, तीच भीती, तीन वर्षांपूर्वीची, तिच्यात काही कमी झालेलं नव्हतं. खोटी साक्ष म्हणतील. पेन्शन थांबवतील का, ते मला माहीत नव्हतं. अगदी वरून सुरुवात केली. मी, रामकिसन मारोतराव, सेवानिवृत्त मुख्याध्यापक, पंच क्रमांक एक. पंचनाम्यावरची सही माझी आहे, मजकूर माझा नाही. मी कोऱ्या कागदावर सही केली. मला काहीही वाचून दाखविलेले नाही. मघाशी साहेबांसमोर मी आठवत नाही म्हणालो, ते खोटे होते. सदर दिवशी सकाळी संघदीप याने लाईन बंद करण्यासाठी माझ्या फोनवरून विचारले. तो शुद्धीत होता. 'घेतली बंद, चढ' हे उत्तर मी स्वतः ऐकले. वैभवी उठून माझ्या मागं येऊन उभी राहिली होती आणि वाचत होती. ती हळू आवाजात म्हणाली, "काका, हे साहेबायले दाखवा लागन." मी म्हटलं, दाखव. चक्की केव्हा सुरू झाली ते लिहायचं होतं, पंखा लिहायचा होता, समितीचं ते रजिस्टर आता कुठल्या कपाटात असेल तेही लिहायचं होतं. पण सही आधीच झालेली होती आणि तिनं खालची बरीच जागा घेतली होती. मी अक्षर बारीक केलं.